उभ्या माणसासमोर आजी जेवत नाहीत

अभ्यासक्रमाचं नाव लांबलचक होतं. आमच्या घरात त्याला सरळ ‘पेशंटचा कोर्स’ म्हणत. पेशंटला अंथरुणात आंघोळ कशी घालायची, कूस कशी बदलायची, खुर्चीत कसं बसवायचं, हे शिकवणारा. वर्ग अमरावतीला भरायचा. वर्गातल्या बाकीच्या मुली माझ्या लेकीपेक्षा लहान होत्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला मावशी करून टाकलं.

मुलगा नोकरीला लागला होता, मुलगी सासरी गेली होती. सासूबाईंचं अखेरच्या वर्षांतलं सगळं मीच केलं होतं आणि त्यानंतर घरात करायला फारसं काही उरलं नव्हतं. कोर्सचं काढलं तेव्हा आमचे हे म्हणाले, “घरी इतकी वर्षं तेच तर केलं तू. आता शिकायचं काय?”

“घरी केलं त्याचं सर्टिफिकेट कोणी देत नाही,” मी म्हटलं, आणि फॉर्म भरायला गेले.

मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची, लग्नातल्या आहेराची, पाहुणे आले तर कोण कुठे झोपेल याचीसुद्धा. त्यामुळे प्रात्यक्षिकाची वही हातात आली तेव्हा मला फार बरं वाटलं. प्रत्येक पानावर एक काम. आधी बघायचं, मग कोणाच्या मदतीनं करायचं, मग एकटीनं करायचं आणि शेवटी सिस्टरची सही. अशी वही कोणी आधीच छापून ठेवली आहे, हेच मला कौतुकाचं वाटलं.

पोस्टिंग अकोल्याला होतं. तिथे एक शुश्रूषा केंद्र होतं. लकवा झालेले, खुब्याचं हाड मोडलेले पेशंट दवाखान्यातून सुटले की घरी जाण्याआधी तिथे राहायचे. मी नणंदेकडे उतरले. नणंद पहाटे उठून मला डबा देई आणि संध्याकाळी वॉर्डातल्या गोष्टी व्याजासकट वसूल करी.

आमच्या सिस्टर मूर्तिजापूरच्या. अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या हिंदीत बोलायच्या, आणि दोन्हीत कोणाची भीड ठेवायच्या नाहीत. पहिल्या आठवड्यात त्या माझ्यावर खूश होत्या. चादर माझी बघावी अशी. पलंगाच्या कोपऱ्याला घडी अशी बसवायची की रात्रभर पेशंट वळवळला तरी सुरकुती पडू नये. स्पंज, ताप, बीपी, कूस बदलणं, बेडपॅन, सगळ्या पानांवर सह्या झाल्या. माझी जोडीदार सेमाडोहकडची एक मुलगी होती, हसरी आणि हळू. ती म्हणायची, “मावशी, तुम्ही सगळं संपवून टाका, मग मी आरामात करते.”

एक पान मात्र अडलं. त्यावर लिहिलं होतं, ‘रुग्णास स्वतःच्या हाताने जेवण्यास साहाय्य करणे’.

त्या पानासाठी मला ज्या पेशंट मिळाल्या, त्या दर्यापूरकडच्या एका खेड्यातल्या आजी. लकवा उजव्या बाजूला झाला होता. तोंड वाकडं झालं होतं ते सरळ झालं, जीभ तर पहिल्यासारखी चालायला लागली होती. आधार घेऊन संडासापर्यंत जायच्या. फक्त जेवणाचं जमत नव्हतं. ताट समोर आलं की उजवा हात मांडीवर पडून राहायचा. डाव्या हातानं जेवा म्हटलं की त्या तोंड फिरवायच्या.

“डावा हात कायचा असते, माहीत हाय ना तुले?” त्या म्हणायच्या.

आजींना घरी जायचं होतं. हे त्या दिवसातून इतक्यांदा सांगायच्या की केंद्रातल्या झाडूवालीलाही पाठ झालं होतं. घरी त्यांची जाऊ होती. दोघी विधवा, दोघी म्हाताऱ्या, एकाच घरात राहणाऱ्या. आजींचा मुलगा अकोल्यातच नोकरीला. तो रोज भेटीच्या वेळेला यायचा आणि पलंगाशेजारी उभा राहायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं, आणि चुकीचंही नव्हतं.

“काकूच्यानं आता पाण्याची बादली उचलली जात नाही,” तो सिस्टरांना म्हणाला होता. “तिनं आईला तीन वेळा भरवायचं म्हटलं तर दोघी पडतील. आई स्वतःच्या हातानं जेवायला लागली तर उद्या नेतो. नाहीतर इथंच कायमची खोली घ्यावी लागेल. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे.”

मुलगा गेला की आजी म्हणायच्या, “तुरीले शेंगा आल्या असतीन. शेंगातले ओले सोले खाले हाय कोन घरी? जाऊले तं दात नायी.”

मी पहिल्या दिवशी आजींना भरवलं. छोटे घास, ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, प्रत्येक घासानंतर उजव्या गालात अन्न साचलं नाही ना ते पाहून. लकव्याच्या पेशंटच्या गालात घास राहून जातो आणि त्याला कळतही नाही. भराभर आणि स्वच्छ काम झालं. सिस्टर मागे उभ्या होत्या.

“भरवता एकदम बढिया,” त्या म्हणाल्या. “आता पानावर काय लिहिलंय ते वाचा.”

मी वाचलं.

“त्यात तुमचा हात कुठे आहे?”

“नाही.”

“मग हाथ पीछे.”

दुसऱ्या दिवसापासून मी आजींच्या बाजूला हात मागे घेऊन उभी राहू लागले. शाळेत शिक्षा झाल्यासारखी. नियम असा की पेशंट जे करू शकतो ते त्याला करू द्यायचं. आपण जवळ थांबायचं, गिळतो कसा ते बघायचं, आणि गरज पडली तरच हात पुढे करायचा. ऐकायला सोपं आहे. पण आमच्याकडे म्हातारं माणूस पाण्यासाठी उठलं आणि सून नुसती बघत राहिली, तर ती गोष्ट गावभर होते. माझे हात मागे एकमेकांना धरून ठेवलेले असायचे आणि तरी बोटं वळवळायची.

आजी ताटाकडे बघत. मी आजींकडे बघे. भाजी गार होई. शेवटी वेळ संपली की सिस्टर मान हलवत आणि मी भरवून मोकळी होई.

सेमाडोहच्या मुलीनं करून बघितलं. तिच्यासमोरही तेच. व्यायाम करून घेणारे डॉक्टर म्हणाले, हातात ताकद आहे. आणि ती होती. सकाळी त्याच हातानं आजी देवाच्या वाती वळायच्या. पाण्याचा पेला उचलायच्या. एकदा माझा एप्रन ओढून त्यांनी मला थांबवलं होतं, तेव्हा शिवणीचा टाका उसवला होता. पण ताट समोर आलं की हात मांडीवर.

“मनानं खचल्यात,” मी सिस्टरांना म्हटलं.

“खचलेली बाई तुमच्या एप्रनचा टाका उसवत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “दुसरं काही आहे. बघा.”

मी खूप काही करून बघितलं. जाड दांड्याचा चमचा आणला, आजींनी तो उलटसुलट करून परत दिला. ताटाखाली ओलं फडकं घातलं, म्हणजे ते सरकणार नाही. ताट उजवीकडे ठेवलं, मग मधोमध. उशी बदलली, टेबल खाली घेतलं. आजी माझी धावपळ एखाद्या लग्नघरातल्या करवलीची बघावी तशी बघत असायच्या.

“लय कामाची हायेस वो बाई,” त्या एकदा म्हणाल्या. “बसत काहून नायी कवा?”

मी हसून पुढच्या कामाला लागले. त्या वाक्यात उत्तर होतं, पण मला तेव्हा ते कौतुकच वाटलं.

मग एक दिवस केंद्राच्या स्वयंपाकघरात गॅस संपला आणि जेवणाला उशीर झाला. एरवी पेशंटची जेवणं आधी व्हायची आणि त्यांचं आवरलं की आम्ही विद्यार्थिनी त्याच जेवणघरात डबे उघडायचो. त्या दिवशी सगळ्या वेळा एकमेकींत शिरल्या. सिस्टरांनी मला आधी जेवून घ्यायला पाठवलं. मी टेबलाच्या एका टोकाला डबा उघडला, तोवर सेमाडोहच्या मुलीनं आजींना दुसऱ्या टोकाला आणून बसवलं, त्यांचं ताट ठेवलं आणि ती दुसऱ्या पेशंटला आणायला गेली. माझी जेवणाची सुट्टी, त्यामुळे हात मागे घ्यायचा प्रश्न नव्हता. मला भूक लागली होती. मी जेवायला लागले.

“काय आनलं वो डब्यात?” आजींनी विचारलं.

“अंबाडीची भाजी.”

“कन्या घातल्या?”

“घातल्या की. ज्वारीच्या कण्या.”

“लसनाची फोडनी वरतून घेतली?”

“नणंदेनं वेगळ्या डबीत दिलीय.”

“मंग शिकवेल हाय ननंद तुयी,” आजी म्हणाल्या, आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

उजव्या हातानं. अंगठा आणि दोन बोटं, बाकीची दोन जरा वाकडी. तुकडा वरणात बुडवला, तोंडाकडे नेला, थोडं वरण हनुवटीवर सांडलं. चावलं. गिळलं.

माझा घास हातातच राहिला. मग लक्षात आलं की मी बघतेय हे त्यांना कळायला नको, म्हणून मी डब्यात डोकं घालून जेवत राहिले आणि जेवता येईल तितकं हळू जेवले. आयुष्यात इतकी सावकाश मी कधी जेवले नसेन. आजी अंबाडीवरून पाटवड्यांवर गेल्या, पाटवड्यांवरून जावेच्या सुगरणपणावर, आणि तिथे बराच वेळ तोंडसुख घेत थांबल्या. ताट अर्धं झालं.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरांना मुद्दाम बोलावून आणलं. आजींचं ताट ठेवलं, हात मागे घेतले, उभी राहिले. आजींचा हात मांडीवर.

“आजी, काल तर जेवल्या तुम्ही,” मी म्हटलं. मी खरंच रडायच्या बेतात होते.

“काल तू जेवून रायली होती,” आजी म्हणाल्या. “आज तू अशी उभी हायेस, पोलिसावानी. समोरचं मानूस उपाशी उभं, अन् म्या बसून गिळू? माह्या घरी असं चालत नायी.”

मी आणि सिस्टरांनी एकमेकींकडे बघितलं.

यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं. माझ्यासमोर कोणी रिकाम्या हातानं उभं राहून माझ्या तोंडाकडे बघत असतं तर मीही जेवले नसते. सिस्टरही नसत्या जेवल्या. वॉर्डातलं कोणीच नसतं जेवलं. पण एप्रन चढवला की आपण माणसांत मोजले जात नाही असं आम्ही धरून चाललो होतो. आजींनी तसं धरलं नव्हतं. त्यांच्या लेखी आम्ही त्यांच्या दारात आलेल्या बाया होतो, आणि दारात आलेली बाई जेवल्याशिवाय घरची बाई जेवत नाही.

सिस्टर हसायला लागल्या. “आमच्या अम्मीपण अशाच,” त्या म्हणाल्या. “दस्तरखानावर शेवटचा माणूस बसेपर्यंत हात धुवायच्या नाहीत.”

“पण सिस्टर, पेशंटसोबत जेवणं नियमात बसतं का?”

“नियमात लिहिलंय, पेशंटच्या ताटातलं खायचं नाही. आपल्या ताटातलं खायचं नाही असं कुठे लिहिलंय? हात धुवा, वेगळं ताट घ्या, टेबलाच्या त्या बाजूला बसा. आणि त्यांच्या तोंडात घास असताना त्यांना बोलायला लावू नका, ठसका लागेल.”

ही शेवटची सूचना सगळ्यात अवघड होती. आजींना जेवताना बोलायला लागायचं. मग आमची एक रीत बसली. आजी निम्मी गोष्ट सांगत, मी म्हणे, “आधी घास,” त्या घास घेऊन गिळत, आणि मग उरलेली निम्मी. जावेच्या सगळ्या भानगडी मला अशा तुकड्यातुकड्यांनी कळल्या. सेमाडोहची मुलगी हळू जेवणारी होती, तिचं आणि आजींचं तर फारच छान जमलं. ती माझ्या आधी त्या पानावरची सही घेऊन मोकळी झाली आणि वही माझ्या नाकासमोर नाचवून गेली.

परीक्षेचा दिवस आला. परीक्षक नागपूरहून आलेले एक गृहस्थ होते, हातात पाटी, पाटीला लावलेला कागद. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मी चिठ्ठी उचलली. जेवणाचीच निघाली. आजींचा मुलगाही त्याच दिवशी आला होता, कारण कायमच्या खोलीचं काय ते त्याला त्या आठवड्यात सांगायचं होतं. सिस्टर त्याला म्हणाल्या, “आज स्वतःच्या डोळ्यांनी बघा.”

मी सगळं नीट केलं. हात धुतले, आजींचे धुतले, ताठ बसवलं, ताटाखाली फडकं, पाणी हाताच्या टप्प्यात. ताटात भाकरी आणि सोल्याची भाजी होती; आजींच्या मुलानंच बाजारातून तुरीच्या शेंगा आणून स्वयंपाकघरात दिल्या होत्या. माझं ताट घेऊन मी समोर बसले आणि पहिला घास घेतला.

आजींचा हात मांडीवर.

मी दुसरा घास घेतला. आजी माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होत्या. मी वळून बघितलं. परीक्षक उभे. सिस्टर उभ्या. मुलगा उभा. सगळे रिकाम्या हातांनी आजींकडे टक लावून.

“सुरू करा,” परीक्षक म्हणाले.

“सायेब उभे हायेत,” आजी म्हणाल्या.

“माझं सोडा आजी. माझा नाश्ता झालाय. तुम्ही जेवा.”

आजींनी ऐकलं आणि हात तसाच ठेवला. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मुलानं मान खाली घातली. माझे दोन्ही हात टेबलाच्या कडेशी आले होते. उठावं, घास करावा, भरवावा, दोन मिनिटांत सगळ्यांची सुटका. मी हात परत माझ्या ताटात नेले आणि भाकरी मोडत बसले.

तेव्हा आजींचा हात वर आला. त्यांनी भाकरीचा चांगला मोठा तुकडा मोडला, त्यावर सोल्याची भाजी घेतली, आणि हात परीक्षकांच्या दिशेनं लांब केला. टेबलाच्या पार पलीकडे. इतका लांब तो हात आम्ही कोणी कधी जाताना पाहिला नव्हता. कोपर सरळ झालं होतं, मनगट थरथरत होतं, आणि भाजीतला एक दाणा टेबलावर पडला.

“घ्या,” आजी म्हणाल्या. “गरिबाच्या घरचं हाय.”

परीक्षकांनी सिस्टरांकडे बघितलं. पेशंटच्या ताटातलं खायचं नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. सिस्टर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “सर, उनका हाथ थक जाएगा.”

परीक्षकांनी तुकडा घेतला. उभ्यानं घेतला, पण खाताना खुर्ची ओढून बसले. मग मुलगा बसला. सिस्टर शेवटी बसल्या. आजींनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, स्वतःसाठी तुकडा मोडला आणि जेवायला सुरुवात केली.

मुलगा म्हणाला, “आईला जेवताना मी आज पहिल्यांदा बघतोय.”

“रोज तर येता,” परीक्षक म्हणाले.

“इथलं नाही हो. घरी. ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची, स्वयंपाकघरात. आम्ही तोवर झोपलेलो असायचो.”

आजी म्हणाल्या, “आता पायलं ना? मंग गाडी सांग.”

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी मला विचारलं, “रुग्णाला स्वावलंबी करण्यासाठी तुम्ही नेमकं काय केलंत?”

मी मनातल्या मनात यादी काढली. चमचा, फडकं, उशी, टेबलाची उंची. त्यातलं काहीच उपयोगी पडलं नव्हतं.

“जेवले, सर,” मी म्हटलं.

त्यांनी पाटीवरच्या कागदावर टिक केली. तेवढ्यात त्यांनी खिशातून रुमाल काढून मिशीला लागलेली भाजी पुसली, हे मी पाहिलं आणि सिस्टरांनीही.

पोस्टिंग संपण्याआधी पेशंटच्या घरी एक भेट द्यावी लागते. घरात तो कसा वावरतो, पडायची भीती कुठे आहे, हे बघायला. मी आणि सेमाडोहची मुलगी दर्यापूरपर्यंत बसनं गेलो आणि तिथून सवाऱ्या भरून जाणाऱ्या जीपनं. जीपवाल्यानं आम्हाला आजींच्या दारातच सोडलं आणि म्हणाला, “परतताना हाच हॉर्न देतो, लगेच या. सवाऱ्या थांबत नाहीत.”

आजी ओसरीत बसून शेंगा सोलत होत्या. समोर त्यांची जाऊ, पांढऱ्या केसांची, खरंच दात नसलेली. मी आल्याबरोबर कामाला लागले. मोरीजवळ धरायला दांडी लावलीय का, उंबऱ्याशी पाय अडकतो का, पलंगाची उंची, दिव्याचं बटण. मागून आजींचा आवाज आला.

“ते मोजनं मंग कर. आधी बस.”

बसलो. जाऊबाईंनी ताटं मांडली. वाढायचं काम मात्र आजींनी स्वतःकडे ठेवलं होतं. दोघी आता समोरासमोर बसून जेवतात, असं जाऊबाईंनी सांगितलं. “पयले ते जेवे मागून, अन् म्या तिच्या मागून,” त्या बोळक्या तोंडानं हसल्या. “आता दोघींचं एका टायमाले उरकते. भांडाले बी सोपं पडते.”

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. आम्ही ताटावरून उठायला लागलो.

“बसा,” आजी आम्हाला म्हणाल्या, आणि दाराकडे तोंड करून ओरडल्या, “हारन कायले वाजवतं रे? आत ये.”

जीपवाला दारात आला. गाडीत सवाऱ्या बसल्यात म्हणाला, उशीर होतो म्हणाला, आपलं जेवण झालंय म्हणाला. आजींनी यातलं काही ऐकलं नाही. तो बसला. मग त्याला शोधत जीपमधल्या दोन बाया आल्या, त्याही बसल्या. एका बाईच्या कडेवरचं पोर सोले वेचून खाऊ लागलं. जाऊबाई चुलीशी आणखी भाकरी टाकायला गेल्या आणि माझ्या जोडीदारणीनं त्यांच्या हातातलं पीठ काढून घेतलं. मी हात मागे घेऊन बसून राहिले. आता मला ते चांगलं जमत होतं.

निघालो तेव्हा उन्हं कलली होती. जीपमध्ये सगळ्यांच्या हाताला लसणाचा आणि सोल्यांचा वास होता आणि उशिराबद्दल कोणी बोलत नव्हतं. दर्यापूर जवळ आल्यावर जीपवाल्यानं विचारलं, “बाई, तुमी दवाखान्यातल्या ना? त्या आजीले झालं काय होतं?”

“लकवा.”

“लकवा?” त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. “कोन्त्या हाताले?”

“ज्या हातानं तुम्हाला दुसऱ्यांदा भाजी वाढली ना, त्या.”

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, “तिसऱ्यांदा बी वाढली.”